दौडीआधी पाय तयार करण्याच्या नोंदी: ऑगस्ट ते नवरात्र २०२५

गेल्या वर्षी घटस्थापनेला फेटा बांधून दुर्गामाता दौडीत, म्हणजे नवरात्रात रोज पहाटे गल्लोगल्ली निघणाऱ्या दौडीत, उतरलो. त्याआधी वर्षभरात बस पकडायलासुद्धा पळालो नव्हतो. पहिला दिवस झकास गेला. तिसऱ्या दिवशी घराचा जिना उतरता येईना, आणि चौथ्या दिवसापासून दौड गॅलरीतून बघितली. पोरगा खालून हात करत पळत गेला, तेव्हा लाज वाटली.

यंदा घटस्थापना २२ सप्टेंबरला आहे, म्हणजे हाताशी सात आठवडे. काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले ते लिहून ठेवतोय. चाळिशीनंतर पुन्हा पळायला लागणाऱ्याला उपयोग होईल.

माझं वय ४३, वजन ८१ किलो. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ मशीनवर काम, आठ-नऊ तास उभं. घर शहापुरात पहिल्या मजल्यावर, जिना १८ पायऱ्यांचा. दुखण्याचं मोजमाप या जिन्यावरच करणार: ० म्हणजे काही नाही, १० म्हणजे बसून उतरावं लागतं.

३ ऑगस्ट, रविवार

सुरुवात येळ्ळूरच्या गडापासून, म्हणजे राजहंसगड. स्कूटर पायथ्याला लावली आणि डांबरी रस्त्यानं झपाझपा वर गेलो. धुकं एवढं की दरवाजा जवळ येईपर्यंत दिसला नाही. छातीचा भाता झाला, मांड्या पेटल्या, तीनदा थांबलो. वर सिद्धेश्वराला हात जोडले आणि येताना पूर्ण उतार पळत आलो. दमही लागला नाही. वाटलं, चढच काय तो त्रासाचा, उतार फुकटात.

संध्याकाळी दुखणं ०. बायकोला म्हटलं, "बघ, अजून दम आहे." ही नोंद मुद्दाम खोडलेली नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

काल सकाळी ठीक होतो, दुपारनंतर मांड्या जड व्हायला लागल्या. आज ८. जिना पाठमोरा उतरलो, कठडा धरून. चढताना एवढं दुखत नाही, उतरताना जीव जातो. लेथवर खाली पडलेली चावी उचलायला वाकलो तो वर येताना मशीनचा चक धरूनच उठलो. (मशीन बंद होती.) शेजारच्या मशीनवाला म्हणाला, "काय बे, बाळंतिणीसारखं काय चालूलालास?"

त्याचंच पुढचं निदान: मांडीत लॅक्टिक ॲसिड साठलंय, आणखी पळ म्हणजे घामातून निघून जाईल.

६ ऑगस्ट, बुधवार

पहिली मोठी चूक. त्याचं ऐकून पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला वीस मिनिटं पळालो. गंमत म्हणजे पाच-सात मिनिटांनी पाय सैल झाले आणि दुखणं ८ वरून ४ वर आलं. खूश झालो. घरी येऊन चहा प्यायला बसलो, उठलो तर पुन्हा ८. दुपारी अर्धा दिवस रजा टाकली, ४५० रुपये गेले.

संध्याकाळी आईनं तेल कोमट करून दिलं. चोळताना बरं वाटलं, चोळून झालं की जैसे थे.

९ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा

बहीण खानापूरहून राखी बांधायला आली. भाची फिजिओथेरपी शिकते. नारळीभात खाता खाता तिला सगळी हकीकत सांगितली. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "मामा, दुखायला कधी लागलं? पळताना की दुसऱ्या दिवशी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी.

"मग लॅक्टिक ॲसिड कुठून आलं? ते थांबल्यावर तासाभरात उतरतं. तुझ्या मांड्या भरल्या तेव्हा ते जाऊन चोवीस तास झाले होते."

चढताना मांड्या पेटल्या, दम लागला, ते दुखणं वेगळं. ते थांबलं की जातं. दुसऱ्या दिवशी येणारं वेगळं: ते बारा-चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, आणि पाच-सात दिवसांत आपोआप जातं. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०२ मध्येच ही दोन दुखणी वेगळी काढली होती आणि दुसऱ्या प्रकारात स्नायूच्या आत बारीक फाटाफूट होत असावी असं म्हटलं होतं. १९८३ मध्ये अमेरिकेत काही जणांना ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर सपाट आणि उतारावर असं दोन्ही पळवून बघितलं. सपाट पळताना रक्तातलं लॅक्टिक ॲसिड वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर ते वाढलं नाही, आणि पाय दुखले.

म्हणजे गडावर फुकटात मिळालेला उतारच महागात पडला होता.

माझा एक अंदाज, भाचीचा नाही. आपण "अंग आंबलं" म्हणतोच. लॅक्टिक ॲसिड म्हणजे दह्यातलं आम्ल. कुणी सांगितलं की मांडीत आंबट साठलंय, तर आपल्याला ते लगेच पटतं, कारण भाषेनं आधीच सांगून ठेवलेलं असतं.

तरी मी अडून बसलो. मशीनवर काम करणारा माणूस, मोजल्याशिवाय मानत नाही. ती म्हणाली, "घरात स्टूल आहे?"

१० ऑगस्ट, रविवार

आज जिन्यावर ०. स्टुलाची चाचणी अशी: दरवेळी उजव्या पायानं वर चढायचं, म्हणजे वजन उजवा उचलणार. उतरताना उजवाच पाय आधी जमिनीवर ठेवायचा, म्हणजे स्टुलावर राहिलेला डावा पाय वाकत वाकत वजन खाली सोडणार. एक पाय फक्त चढवतो, दुसरा फक्त उतरवतो. वजन तेच, उंची तीच, वेळ तोच.

पहिला प्रयत्न वाया. सहाव्या मिनिटाला पोरानं काहीतरी विचारलं आणि पाय बदलले. मग स्टुलावर खडूनं "उ" आणि "डा" लिहिलं, पोराला मोजायला बसवलं, तासभर थांबून पुन्हा सुरुवात केली. स्टूल डुगडुगत होतं, एका पायाखाली रबराचा तुकडा घातला. हे आधी करा, नाहीतर गुडघ्याऐवजी डोकं फुटेल.

पंधरा मिनिटं. करताना उजवी मांडी पेटली, डाव्याला काही वाटलं नाही. पोरगा म्हणाला, "उजवाच दुखणार." दहा रुपयांची पैज लागली.

१३ ऑगस्ट, बुधवार

सोमवारी संध्याकाळी डावी मांडी ३, उजवी ०. मंगळवारी डावी ६, उजवी १. आज डावी ५, उजवी ०. उजव्या पोटरीत मात्र थोडं भरलंय. विचार केल्यावर कळलं, उतरताना उजव्याचा चवडा आधी टेकत होता, धक्का पोटरीनं झेलला.

दहा रुपये मिळाले. दोन दिवस जिना एका बाजूनं लंगडत उतरलो, पण या चाचणीनं माझं जेवढं डोकं उघडलं तेवढं कशानंच नाही. दमलेला पाय दुखला नाही, आरामात काम करणारा दुखला.

भाचीला फोन केला. तिचं म्हणणं माझ्या शब्दांत लिहितो. चढताना स्नायू आखडत वजन उचलतो. उतरताना तोच स्नायू आवळलेला असतो, पण वजनानं लांब ओढला जातो. बैलगाडी चढावर ओढताना बैल धापा टाकतो. उतारावर धाप लागत नाही, पण मागून ढकलणारी गाडी अडवताना त्याच्या अंगावर काय येतं ते गाडीवानाला विचारा. शिवाय तेवढंच वजन उतरवायला शरीर कमी तंतू कामाला लावतं, म्हणून दम लागत नाही, आणि म्हणूनच एकेका तंतूवर ताण जास्त. तंतूतल्या बारीक बारीक कप्प्यांपैकी जे कच्चे असतात ते ताणून विस्कटतात. १९८१ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांना जिने उतरायला लावून त्यांच्या स्नायूचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. त्या कप्प्यांच्या भिंती वेड्यावाकड्या झालेल्या दिसल्या. मग तिथं डागडुजी सुरू होते, सूज येते, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. सूज यायला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा. नुसतं बसलं तर काही नाही, दाबलं किंवा हललं की कळ.

एक गोष्ट तिनं बजावली: जास्त दुखलं म्हणजे जास्त नुकसान, आणि जास्त नुकसान म्हणजे जास्त ताकद, असं नसतं. दुखण्याचा आकडा मोठा आला म्हणून पाठ थोपटून घेऊ नये. मी तर ३ तारखेला ० आला म्हणूनच थोपटून घेतली होती, तेही चुकलंच.

१६ ऑगस्ट, शनिवार

या दोन आठवड्यांत केलेल्या उपायांचा हिशेब. स्प्रे, २४० रुपये: गार वाटतं, वास येतो, मशीनवरचे सगळे नाक धरतात, दुखणं तेवढंच. गरम पाण्याची पिशवी, २८० रुपये: झोप चांगली लागली, सकाळी आकडा तोच. पळायच्या आधी-नंतर पाय ताणणं, रोज वीस मिनिटं: फुकट, पण या दुखण्यावर माझ्या तरी वहीत काही फरक नाही. भाची म्हणते बऱ्याच चाचण्यांत तसंच निघालंय. आंघोळीला कढत पाणी: बरं वाटतं, तेवढंच.

तालमीतल्या वस्तादांकडे गेलो होतो. त्यांनी कोपर लावून मांडी रगडली. मोठे आहेत, नको म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ५ चे ७ झाले. घरी हलक्या हातानं चोळलं तेव्हा मात्र खरंच उतार पडला. भरलेल्या स्नायूला रगडू देऊ नका, वस्ताद कितीही मोठे असोत.

त्यांनी एक गोष्ट मात्र लाखाची सांगितली. नवं पोरगं तालमीत आलं की पहिल्या दिवशी पंचवीस बैठका घालायला लावून घरी पाठवायचं. पोरगं म्हणतं अजून घालतो. घालू द्यायचं नाही. "पहिल्या दिवशी जास्त घातल्या की चार दिवस येत नाही, आणि मग कधीच येत नाही."

१७ ऑगस्ट, रविवार

वस्तादांचे पंचवीस आणि भाचीचा उतार एकत्र करून नवी योजना. गड पूर्ण चढायचा, पण पळत उतरायचं फक्त पाच मिनिटं. बाकी उतार पोरगा स्कूटरवरून आणणार. आज तसं केलं. गड चढून स्कूटरवर बसून खाली येणारा माणूस बघून दोन-तीन ट्रेकरनी फोटो काढले. काढू देत.

मंगळवारी २. लेथवर कुणाला कळलंही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आज उतार दहा मिनिटं. दुप्पट केला म्हणून ४ तरी होईल असं धरलं होतं. मंगळवारी मोजलं तर १.

याला कारण आहे. स्नायू एकदा या ताणातून गेला की डागडुजी करताना तो पुढच्या वेळेसाठी तयार होतो. आधीचा डोस थोडा असला तरी चालतो, आणि असर काही आठवडे टिकतो. लस टोचल्यासारखंच. गेल्या वर्षी मी टोचायच्या ऐवजी पूर्ण बाटली प्यायलो होतो.

पेट्रोल आजवर ३२० रुपये.

७ सप्टेंबर, रविवार

मधले दिवस कोरे. २७ ऑगस्टला गणपती बसले, मग मंडप, आरती, पाहुणे, मोदक. पळणं शून्य. वजन ८२.

काल विसर्जन. गल्लीच्या लेझीममध्ये दोन तास होतो, वाकून, उड्या मारत, मग कपिलेश्वर तलावापर्यंत मिरवणूक. झोपायला सकाळचे सहा वाजले. धरून चाललो होतो की परवापर्यंत जिना बसून उतरणार.

९ सप्टेंबर, मंगळवार

मांड्या १. दोन आठवडे काही न करता! २४ तारखेचा डोस अजून कामाला येतोय.

पण हात. दोन्ही कोपरं सरळ होत नाहीत. शर्ट घालताना बायकोची मदत, केस विंचरताना मान खाली हाताकडे न्यावी लागते. लेझीमवर खापर फोडत होतो, मग आठवलं: गल्लीची मूर्ती ट्रॅक्टरवरून उतरवायला आम्ही आठजण होतो, आणि गर्दीमुळे अर्ध्यावर बराच वेळ तोलून धरून हळूहळू खाली सोडली. उचलून चढवताना काही झालं नव्हतं. आठापैकी सहाजणांचे हात आज वाकलेलेच. पायांना दिलेली लस हातांना लागत नाही, ज्या स्नायूला टोचली त्यालाच.

आज जॉब लावताना हात पुरेना, दोन तुकडे रिजेक्ट. तो खर्च वहीत धरत नाही, मालकांनी धरला आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

हे सगळ्यांनी वाचावं. ओळखीतल्या एका पोरानं वर्षभराच्या खंडानंतर पैजेवर पाचशे बैठका मारल्या. दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. घरच्यांना वाटलं उष्णता, ताक पाजत बसले. मग दवाखान्यात नेलं, सलाईनवर चार दिवस ठेवला, आता घरी आहे.

स्नायू फारच तुटला की त्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. कुठलंही दुखणं घरी सोसा, पण लघवीचा रंग असा बदलला, किंवा सूज वाढतच चालली, तर तेल-बिल लावत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

१४ सप्टेंबर, रविवार

दुसरी मोठी चूक. दौडीत बरेचजण अनवाणी पळतात. मीही अनवाणीच पळणार होतो, आणि सगळा सराव बूट घालून केला. आज पहिल्यांदा अनवाणी तीन किलोमीटर, डांबरावर. अनवाणी पळताना आपसूक चवड्यावर टेकलं जातं आणि टाच खाली येताना धक्का पोटरीला. उजव्या पोटरीनं स्टुलाच्या वेळीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पोटऱ्या ७. सहा दिवस राहिले. रात्री डावीकडे नडगीजवळ टोचल्यासारखं वाटलं, तेव्हा घाबरून भाचीला फोन. तिचे प्रश्न: एका बोटानं दाखवता येतं का? पळतानाच सुरू झालं का? चालून वाढतं की सैल होतं? माझं दुखणं पसरलेलं, दोन्ही पायांत, चालून सैल होणारं, म्हणून तिनं "थांब फक्त" म्हटलं. बोटानं दाखवता येईल असं, एकाच पायात आणि चालता चालता वाढणारं असतं तर दाखवायला जावं लागलं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

पोटऱ्या शुक्रवारी २, आज ०. काल सकाळी गल्लीतल्या गल्लीत अनवाणी सात मिनिटं, बास. आई म्हणाली, "एवढंच पळायचं तर पळतोस कशाला?"

आजवरचा खर्च: रजा ४५०, स्प्रे २४०, पिशवी २८०, तेल १६०, पेट्रोल ५४०. एकूण १,६७० रुपये, त्यातून पोराकडून जिंकलेले १० वजा. उपयोगी पडलं ते स्टूल आणि पेट्रोल. पुन्हा करायचं झालं तर पहिल्या रविवारपासूनच थोडा उतार, दुसऱ्यापासून थोडं अनवाणी, आणि तीन आठवड्यांत आटपेल. उरलेले चार आठवडे माझ्या चुकांचे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

पहाटे पाचला बाहेर. पांढरा सदरा, फेटा, अनवाणी. गल्लोगल्ली रांगोळ्या, दारात निरांजन घेऊन बायका उभ्या. ध्वजाच्या मागे पोरगा आणि मी. संध्याकाळी ०, पण ३ ऑगस्टलाही ० होतं, म्हणून गप्प आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

मांड्या ०, पोटऱ्या २. जिना सरळ तोंडानं उतरलो. सकाळी कठड्याला हात लावायचा राहिला हे खाली गेल्यावर लक्षात आलं. आईनं विचारलं, "आज नाही का पाठमोरा?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज पाचवा दिवस. यंदा नवरात्र दहा दिवसांचं, दसरा २ तारखेला, म्हणजे अजून निम्मं बाकी. पोटऱ्या १.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे शेजारी आले. बुधवारी हौसेनं दौडीत घुसले होते, सराव काही नाही. आमचा जिना चढून आले, बसले, चहा घेतला. परत जाताना पहिल्या पायरीवर थांबले, वळले आणि पाठमोरे उतरायला लागले. अर्ध्यावरून विचारलं, "ते लॅक्टिक ॲसिडचं काही औषध आहे काय ओ तुमच्याकडं?"

स्टूल त्यांच्या घरी पाठवलंय. खडूचं "उ" आणि "डा" अजून पुसलेलं नाही.